गवंड्याच्या भिंतीवर निळे शिंतोडे

गवंडी चार दिवसांसाठी थोरल्या भावाकडे गेला आणि इकडे त्याच्या बायकोला चेव आला. पुढच्या दाराला रंग द्यायचं तो तीन वर्षं नुसतं बोलत होता. राहायला आलेल्या नणंदेला ती म्हणाली, "वन्सं, आपणच उरकू या."

नणंदेनं पन्नाशी ओलांडलेली, पण अशा कामांना ती एका पायावर तयार.

दुपारपर्यंत दार झकास निळं झालं. ते डोळे भरून बघायला नणंद दोन पावलं मागे सरली आणि धाडकन शिडीवर आदळली. शिडीवरचा डबा सुटला, पायरीवर आपटला, आणि पायरीपासून खिडकीपर्यंत उघड्या विटांवर निळे शिंतोडेच शिंतोडे!

त्या भिंतीची एकेक वीट गवंड्यानं स्वतः लावलेली. विटा दिसायला हव्यात म्हणून त्यानं गिलावासुद्धा केला नव्हता. वहिनीनं धावत जाऊन डबा उभा केला. तिनं नणंदेकडे पाहिलं, तर तिच्या नाकाच्या शेंड्यावर टपोरा निळा थेंब. वहिनीला हसू फुटलं.

"हसतेस काय? दादा सोलून काढील आपल्याला!"

"आधी नाक पुसा, वन्सं!"

वहिनीनं ओल्या फडक्यानं भिंत पुसली, तर ठिपक्यांचे ढग झाले. नणंदेनं वर टर्पेंटाइन ओतलं, तर रंग पातळ होऊन विटांच्या भोकाभोकांत शिरला. आगीतून फुफाट्यात! शेवटी दोघी तशाच निळ्या हातांनी रंगाच्या दुकानात गेल्या.

"पुसायचं नाही," म्हातारा दुकानदार म्हणाला. "वाळू द्या. जाड थेंब बोथट पात्यानं खरवडा. मग हातमोजे घालून हा रंग काढायचा लेप थापा, वर प्लॅस्टिक लावा. उद्या नायलॉनच्या ब्रशनं घासा आणि धुवा. तारेचा ब्रश मात्र नको. विटेची सालटी निघतील."

"आणि पाठोपाठ आमची," नणंद म्हणाली. दोघी अशा खिदळल्या की दुकानदार सुटे पैसे द्यायचे विसरला.

दुसऱ्या सकाळी प्लॅस्टिक उचललं, तर लेपाबरोबर निळा रंग सायीसारखा सुटून आला. वहिनी हरखली. ब्रश फिरवला, पाणी मारलं, आणि रंग गेला! पण विटा अशा लालबुंद निघाल्या की उरलेली भिंत काळीकुट्ट दिसू लागली.

"अगं बाई, हा तर केवढा डाग पडला!"

"हा डाग नाही, वन्सं. डाग बाकीची भिंत आहे."

मग काय, पदर खोचले. बादल्यांवर बादल्या, साबणाचा फेस कोपरापर्यंत. तिसऱ्या दिवशी वहिनी शिडीवर चढून वरच्या विटा घासत होती, नणंद खालून पाणी मारता मारता निम्मं तिच्यावरच उडवत होती. एवढ्यात फाटक वाजलं. गवंडी एक दिवस आधीच हजर!

दोघी जागच्या जागी थिजल्या. पिशवी खाली ठेवून तो भिंतीजवळ आला.

"तारेचा ब्रश लावला नाहीत ना?"

"नाही," वहिनी शिडीवरून पुटपुटली.

त्यानं ओल्या विटांवरून हात फिरवला. छातीइतक्या उंचीवर हात थांबला. धूळ गेल्यावर तिथली एक ओळ साफ वाकडी दिसत होती, लाटेसारखी.

"ही ओळ..." तो म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकले. "आपली पोरगी जन्मली ना, तेव्हाची ही! निरोप आला आणि मला काही सुचेना. दोरी न लावताच विटा लावत सुटलो होतो मी!"

"मग दवाखान्यात उशीर झाला तो यामुळे?" वहिनीनं वरून विचारलं. "मला म्हणालात, सिमेंट वाळत होतं!"

नणंदेला हसताना ठसका लागला. गवंडीही हसू लागला, आणि हसत हसतच त्यानं शिडी धरली. वहिनी कशीबशी उतरली.

"हे सगळं काढलंत कशाला पण?" त्यानं विचारलं.

नणंदेनं दाराकडे बोट दाखवलं. त्यानं ते आत्ता पाहिलं. निळ्या दारावरून बोट फिरवलं. मग बाह्या सरसावून तो म्हणाला, "बाजूची भिंत राहिलीय. आणा एक ब्रश इकडे."