टाकीखालची आठ मिनिटं

चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात त्याला सगळे उंट म्हणत. उंची सहा फुटांच्या वर, मान पुढे, आणि तोंड उघडायचं तर दिवसातून चारदा, त्यातलं एकदा जांभईसाठी. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला. उंचीने त्याच्या छातीपर्यंत, बोलण्यात त्याच्या दसपट. दोघांत मिळून सायकल एक.

संध्याकाळी तो कारखान्यातून सुटला की पाण्याच्या टाकीपर्यंत सायकलवर यायचा, ती घरून टाकीपर्यंत चालत. तिथे सायकल तिच्या ताब्यात देऊन तो पुढे घरी पायी. सकाळी हेच उलट. सायकल घरी यायची ती फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि तेव्हाही पाहुण्यासारखी दारात अवघडून उभी राहायची.

टाकीखाली सीट बदलावी लागे. पान्याने नट सैल करायचा, सीट चार बोटं खाली दाबायची, नट आवळायचा. काम अर्ध्या मिनिटाचं. बारीकातली बारीक काच घासणाऱ्या उंटाला त्यासाठी आठ मिनिटं लागत. तेवढ्यात ती टाकीच्या पायरीवर बसून धुलाईखान्यातली मुकादमीण कुणावर घसरली, घरी जेवण कुठे झाकून ठेवलंय, शेजारणीच्या सुनेचं काय चाललंय, सगळं सांगून टाकायची. तो नटाकडे बघत ऐकायचा. सहा वर्षं त्यांचा संसार बराचसा त्या नटाभोवती चालला होता.

आणि मग कचेरीतल्या ताईंनी ‘सायकलने कामावर या’ अशी मोहीम काढली. दोन महिन्यांत सगळ्यात जास्त दिवस सायकलने येईल त्याला नवी कोरी सायकल. सायकल असणाऱ्यालाच सायकल मिळणार, नसणाऱ्याला नाही, हे कुणी बोललं नाही, कारण फलक फार सुबक रंगवला होता. सायकलने येणारा तेव्हा एकटा उंटच होता, म्हणून ताईंनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून फायदे विचारले. दम वाढतो, पोट उतरतं, असं काहीतरी त्यांना हवं होतं.

“बायको भेटते,” उंट म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आणखी आठजण सायकलने येऊ लागले. पॉलिशवाल्या मामांनी आठवडाभराने तक्रार केली की आपली बायको तर सायकल नसतानाही भेटतच होती, पण तोवर त्यांचा गुडघा मोकळा झाला होता, म्हणून सायकल सोडली नाही.

उंटाला मात्र ते बक्षीस नकोच होतं. नवी सायकल मिळाली की दोघं आपापल्या वाटेने सुटणार. सीट बदलायला नको, टाकीखाली थांबायला नको. बायकोला त्याने बक्षिसाचं सांगितलंच नाही. पाळी संपताना तिचे घोटे सुजतात, हे त्याला ठाऊक होतं. चालणं वाचलं तर तिला तेवढीच झोप मिळेल, हेही. आपण आठ मिनिटांसाठी तिचे पाय झिजवतोय, या विचाराने त्याला जेवण जाईना.

मोहिमेच्या शेवटच्या दिवशी त्याने ताईंना जाऊन सांगितलं, मी अर्धा रस्ता चालतो, मला बाद करा. ताई साहेबांकडे गेल्या. तासभर दार बंद होतं. निकाल असा लागला की त्याची बायकोही कामावर सायकलनेच जाते, म्हणजे मोहिमेला बाहेरचं एक माणूस फुकट मिळालं, तेव्हा बक्षीस त्यालाच आणि टाळ्या दुप्पट.

त्या संध्याकाळी उंट दोन्ही हातांत दोन सायकली धरून, बैलजोडी हाकावी तसा चालत टाकीखाली आला. ती पायरीवरून उठली. त्याने काय झालं ते सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती ऐकत होती आणि तो बोलत होता.

“म्हणजे उद्यापासून मी थेट कामावर,” ती म्हणाली.

“हो. तुझे पाय...”

“आणि तुम्ही थेट घरी.”

“हो.”

“सोयच झाली की.” तिने नव्या सायकलची घंटी एकदा वाजवून पाहिली आणि हात मागे घेतला. 

“मला नको होती,” तो म्हणाला. “बाद करा म्हणून सांगायला गेलो होतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या.”

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला जे हसू फुटलं ते पदराने पुसावं लागलं. मग तिने विचारलं, चालायचा वेळ किती वाचला? त्याने हिशेब करून सांगितलं, पंचवीस मिनिटं.

“मग चला, मला इस्पितळाच्या फाटकापर्यंत सोडायला. आणि सकाळी मी तुम्हाला कारखान्यापर्यंत.”

“आणि झोप?”

“सायकलवर पाय कुठे सुजतात? झोपेन मी नंतर. बसा आता.”

दोघं शेजारी शेजारी निघाले. इतक्या वर्षांत एकत्र सायकल चालवायची ही पहिलीच वेळ. उंटाचे पाय लांब, दोन पायडल मारले की तो पुढे जायचा.

“अहो, हळू,” ती म्हणाली. “लवकर पोचलो तर काय करायचं?”

तो हळू झाला. तीही झाली. मुकादमिणीचा विषय निघाला तसे दोघं इतके हळू झाले, की हातात पिशवी घेऊन चाललेले एक म्हातारे गृहस्थ त्यांना मागे टाकून पुढे गेले, मग थांबले, आणि काळजीने विचारू लागले की चेन अडकलीय का.

“नाही काका, कामावर चाललोय,” ती म्हणाली, आणि आणखी हळू झाली.