अक्कांच्या गुडघ्यातल्या लेकी

ताईंनी पेशींची सहावी ताटली सूक्ष्मदर्शकाखालून काढली आणि वहीत शेवटचा आकडा लिहिला.

"अक्का, अहो अक्का! सहाच्या सहा भरल्यात. एकही मलूल नाही."

अक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर उजवा पाय लांब करून बसल्या होत्या. संशोधन ताईंचं, पण पेशी वाढवणं, त्यांना खाऊपिऊ घालणं गेली बावीस वर्षं अक्कांकडे. या पेशी तर त्यांच्या स्वतःच्याच. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सांध्याच्या अस्तराचा नखाएवढा तुकडा त्यांनी सही करून प्रयोगशाळेला दिला होता. त्यातून या वाढल्या. लांबसडक, दोन्ही टोकांना निमुळत्या, वाऱ्याने एका अंगाला झुकलेल्या गवतासारख्या. अक्का त्यांना लेकी म्हणत.

आता उजवा गुडघा रुसला होता. हाडांच्या डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या. जोरकस औषधाचं इंजेक्शन घेतलं तर आठवड्यात जिने चढाल, नाहीतर व्यायाम करा आणि तीन महिने धीर धरा. अक्कांच्या मुलीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्या घरात बारा दिवसांची नात. फोनवर पाहिलेली; मांडीवर अजून घेतलेली नाही.

"आधी माझ्या लेकींना विचारते," अक्का डॉक्टरांना म्हणाल्या होत्या. "त्यांना सोसलं तर मला सोसेल."

मोजणाऱ्याला कोणत्या ताटलीत काय घातलंय हे कळू द्यायचं नाही, असा तिथला दंडक. म्हणून शुक्रवारी अक्कांनी औषध घालून यादी पाकिटात बंद केली होती, आणि आज मंगळवारी ताईंनी मोजणी केली. त्यांनी आता पाकीट फाडलं.

"जोरकस औषध तिसरीत आणि पाचवीत. काही म्हणजे काही झालेलं नाही त्यांना! खुशाल घ्या इंजेक्शन. पोलादी आहात तुम्ही."

अक्कांनी चष्मा काढला, पुसला, चढवला, पुन्हा काढला.

"ताई, मी रविवारी आले होते."

"सुट्टीच्या दिवशी? कशाला?"

"उगाच, डोकावून जावं म्हटलं. तर दोन ताटल्यांत पोरी पार आकसलेल्या. काही तर तळ सोडून तरंगत होत्या. मला बघवेना. जुनं पाणी काढलं, ताजं घातलं."

"औषधासकट काढलंत?"

"सहाही ताटल्यांचं. दुजाभाव नको ना."

ताईंचा हात कपाळावर जायला निघाला आणि वाटेतच त्यांना हसू फुटलं.

"ताटलीला हात लावला म्हणून तुम्ही मला केवढं झापलं होतं, आठवतंय?"

"तुम्हाला झापणं सोपं होतं हो."

"आकसलेल्या कोणत्या?"

अक्कांनी टेबलावरच्या यादीकडे बोट केलं. "आत्ता वाचल्यात त्याच."

ताईंनी तिसरी आणि पाचवी ताटली उचलून, पेशी जिथे वाढायच्या त्या उबेच्या कपाटात परत ठेवली.

"गप्प बसला असतात तर मला कधीच कळलं नसतं," ताई हळूच म्हणाल्या.

"तुमच्या वहीवर उद्या दुसऱ्या कुणाचा गुडघा विसंबेल."

ताईंनी वहीतल्या आकड्यांवर एक सरळ रेघ मारली. "पुन्हा मांडूया. या वेळी रविवारी घरी बसायचं."

"कपाटाला कुलूप लावा. माझा मला भरवसा नाही."

मग अक्कांनी खिडकीशी जाऊन मुलीला फोन लावला.

"अगं, इंजेक्शन नाही घेत मी. हो, तीन महिने... रडतेस काय, ऐक आधी. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे एक खुर्ची माग आणि जिन्याच्या वळणावर ठेव. दोन मजले मी चढते. दोन मजले जावईबापूंच्या हातातून माझी नात उतरेल."

पलीकडून काही विचारलं गेलं.

"किती वाजता म्हणजे? तिची झोप झाली की. मी काय, निघालेच."