डाव्या हाताची बाजू

नेरिडा पिकअपखाली उताणी पडून दातांनी तारेचं आवरण सोलत होती. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेल्यापासून बारीक तार त्या हातात धरून ठेवणं तिला जमत नसे, आणि कुणाची मदत मागायची तिची इच्छा नव्हती. तोंडात आलेला प्लास्टिकचा तुकडा तिने जोरात थुंकला. तो क्लाइव्हच्या बुटाजवळ जाऊन पडला.

"कुत्र्यासारखी कुरतडतेस की," क्लाइव्ह म्हणाला. चहाचा मग घेऊन तो शेडच्या दारात उभा होता.

"कुत्र्याला निदान हाक मारून मग गाडी मागे घेतोस तू."

क्लाइव्हने चहाचा घोट घेतला. बाहेर वारा पत्र्यावर धूळ आपटत होता. जुलै अर्धा सरला तरी पाऊस नावाला पडला होता आणि गव्हाचं शेत गुडघ्याएवढंही वर आलं नव्हतं. एरवी त्यावर दोघं तासभर बोलली असती.

"त्या कॅमेऱ्याच्या खेळण्याची काही गरज नाही," तो म्हणाला. "आरसे आहेत."

"तुझी मान वळत नाही. आरशात मागचा रस्ता दिसतो, गाडीच्या शेपटीशी उभं असलेलं माणूस दिसत नाही."

"इतकी वर्षं ट्रेलर लावला की आपण."

"आपण?" नेरिडाने तारेला इतका हिसका दिला की ती पुन्हा तुटली. "तू बसायचास. मी उभी राहायचे."

त्या भागात म्हणायचे, लग्न टिकणार की नाही हे चर्चमध्ये नाही, ट्रेलर लावताना कळतं. नवरा गाडी मागे घेणार, बायको मागे उभी राहून हातांनी खुणा करणार, आणि दोघं एकमेकांवर ओरडणार. क्लाइव्ह आणि नेरिडा कधी ओरडत नसत. ती गाडीमागच्या, ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर हात ठेवायची आणि ट्रेलरची मान बरोबर त्यावर येईपर्यंत हाताने अंदाज घ्यायची. शेजारपाजारचे त्यांचं उदाहरण द्यायचे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिने हात ठेवला, "थांब" म्हणाली, आणि गाडी थांबली नाही.

तेही तिने गिळलं असतं. अपघात होतात. पण मागच्या शनिवारी फुटबॉल क्लबात सामना संपल्यावर ती स्वयंपाकघरात खिमा भरलेल्या गरम पेस्ट्र्या ताटात लावत होती, आणि खिडकीपलीकडून क्लाइव्हचा आवाज आला. "मी थांबलोच होतो. हिनेच हात काढायला उशीर केला. आता काय, भांडी घासायला दोन बोटं कमी!" माणसं हसली. नेरिडाने भट्टीचं दार लावलं ते असं, की वरचं ताट खाली आलं.

घरी येताना ती एवढंच बोलली होती, "कॅमेरा मागवते. तो बसला की तुला मागे कुणी लागणार नाही. मी बहिणीकडे वॉरनंबूलला जाते. परत कधी येईन ते विचारू नकोस. येईन की नाही, तेही विचारू नकोस."

तिची पिशवी सकाळपासून व्हरांड्याच्या पायरीवर होती. क्लाइव्ह येता-जाता तिला वळसा घालून जात होता.

आता तिने लाल तार मागे जाताना पेटणाऱ्या दिव्याच्या तारेला जोडली, काळी सांगाड्याच्या लोखंडाला स्क्रूने आवळली, आणि दोन्हींवर टेप गुंडाळली. लांब केबल पेट्रोलच्या नळीपासून दूर ठेवत, सांगाड्याला जागोजागी बांधत ती पुढे सरकत गेली. पाठीखालचे खडे टोचत होते. केबल गाडीच्या तळाच्या रबरी बुचातून आत ढकलताना तिचा डावा हात तीनदा घसरला. चौथ्यांदा तिने एक शिवी हासडली.

"मी ढकलू का?" क्लाइव्ह दारातून म्हणाला.

"तू आतापर्यंत पुष्कळ ढकललंयस."

केबल आत गेली. तिने स्टिअरिंगशेजारी छोटा पडदा चिकटवला, कॅमेरा नंबरप्लेटच्या वर बसवला आणि हात पँटला पुसले.

"बस आत. रिव्हर्स टाक, पण क्लचवरचा पाय काढू नकोस. हँडब्रेक ओढ. मी मागे उभी राहते. शेवटचं."

क्लाइव्ह चहाचा मग खाली ठेवून आत चढला. इंजिन सुरू झालं. नेरिडा गाडीमागे गेली आणि आपल्या जुन्या जागी उभी राहिली. फेब्रुवारीनंतर ती तिथे प्रथमच उभी राहत होती. पाय आपोआप तिथेच पडले, गोळ्यापासून हातभर अंतरावर. तिला स्वतःचाच राग आला. तिने डावा हात वर केला, मुद्दाम, बोटं फाकून.

"दिसतंय?"

तिने हात आणखी उंच केला.

"क्लाइव्ह! दिसतंय का?"

"दिसतंय." मग तो म्हणाला, "चित्र उलटं आहे."

"उलटं कसं? माझं डोकं खाली दिसतंय?"

"तसं नाही. डाव्याचं उजवीकडे गेलंय. तुझा डावा हात मला उजवीकडे दिसतोय. असं पाहून गाडी वळवली तर भलतीकडेच जाईल."

"हा डावाच आहे, हे तुला पडद्यावरून कसं कळलं?"

इंजिन चालू होतं. वारा मध्येच पडला आणि पुन्हा उठला. नेरिडाने हात खाली घेतला नाही. रुग्णालयातून आल्यापासून क्लाइव्हने त्या हाताकडे एकदाही सरळ पाहिलं नव्हतं. जेवताना मीठ द्यायचं तरी तो ते टेबलावर ठेवून सरकवायचा. आता तो हात त्याच्या नाकापुढे होता, वीतभर पडद्यावर.

"कळलं," तो म्हणाला.

त्याने इंजिन बंद केलं. मग दार उघडलं, आणि तो हत्यारांच्या पेटीकडे जाऊन तार कापायची पकड घेऊन आला.

"कुठली कापायची?"

"कॅमेऱ्याच्या मागे तारेची दोन छोटी वेटोळी आहेत. हिरवं कापलं की चित्र पालटतं. पांढऱ्याला हात लावू नकोस, पडद्यावरच्या अंतर दाखवणाऱ्या रेघा जातील."

क्लाइव्ह गुडघ्यांवर बसला. गुडघे वाजले. त्याने हिरवी तार कापली, टोकावर टेप लावली, ती जरुरीपेक्षा जास्त वेळ दाबून धरली. मग तो उठला नाही. तसाच बसल्या बसल्या म्हणाला, "तू बस आता आत. बघ बरोबर झालं का."

नेरिडा चढली. इंजिन सुरू केलं, क्लच दाबून रिव्हर्स टाकला. पडदा उजळला. क्लाइव्ह उठून तिच्या जागी उभा राहिला होता. त्याने डावा हात वर केला; तो पडद्यावर डावीकडेच दिसला. मग त्याने तो खाली आणला आणि गोळ्यावर ठेवला.

ती पाहत राहिली. हात मोठा दिसत होता. नखाखालची माती, मनगटावरचा जुना व्रण, सगळं. तो हात काढत नव्हता आणि वरही बघत नव्हता. तिने क्लच तळापर्यंत दाबून धरला.

"हात काढ!" ती ओरडली. "क्लाइव्ह, हात काढ तिथून!"

हात हलला नाही.

तिने गिअर काढला, किल्ली फिरवली, उपटून मुठीत घेतली. पडदा काळा झाला. ती उतरली तेव्हा तो अजून वाकलेला होता.

"ऐकू आलं होतं मला," तो गोळ्याकडे बघत म्हणाला. "तेव्हा. तू थांब म्हणालीस ते. मला वाटलं, गाडी अजून थोडी मागे घेता येईल."

नेरिडाच्या मुठीत किल्लीचे दाते रुतले. तिने ती किल्ली त्याच्या छातीवर फेकली. ती खाली धुळीत पडली, आणि त्याने ती वाकून उचलली.

"शनिवारी क्लबात सांगशील हे?"

"सांगेन."

"आधी ट्रेलर लाव. एकट्याने."

ती व्हरांड्यात जाऊन पायरीवर बसली, पिशवीच्या शेजारी. क्लाइव्हने गाडी ट्रेलरच्या दिशेने मागे घेतली. थोडी घेतली आणि थांबला. दार उघडून उतरला, गाडीमागे जाऊन पाहिलं, परत चढला. पुन्हा थोडी घेतली, पुन्हा उतरला.

"अरे, पडद्यावर दिसतंय ना सगळं?" नेरिडा ओरडली. "मग उतरतोस कशाला?"

तो पुन्हा चढला, वीतभर मागे आला, आणि पुन्हा उतरून, जिथे कुणीच नव्हतं, तिथे वाकून पाहू लागला.

नेरिडाने पिशवी उचलून मांडीवर घेतली. ट्रेलर अजून लागला नव्हता.