भिंतीवर सावली पडली का?

राजारामपुरीत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या दत्तप्रसादांनी मुठीत मावेल एवढी एक बॅटरी मागवली. तिचा झोत किलोमीटरभर जातो, असं खोक्यावर लिहिलं होतं. त्यांच्या बायकोनं, अवंतिकाबाईंनी, घरात आलेली अशी बरीच खोकी पाहिली होती. पण दत्तप्रसादांना ती गोष्ट पारखून घ्यायची होती, आणि शहरात रस्त्यावरच्या दिव्यांपुढं काही पारखता येईना.

मग त्यांना विजयसिंहाची आठवण झाली. दोघं रोज सकाळी रंकाळा तलावावर बरोबर फिरायचे. विजयसिंहाचं घर आणि गोठा जोतिबाच्या डोंगराखाली, उसाच्या कडेला. वर डोंगराच्या वळणावर उभं राहिलं, की गोठ्याची चुना लावलेली भिंत समोर दिसायची. मधलं अंतर किलोमीटरला थोडं कमी. नुसता उजेड लांबून कुणालाही दिसतो, भिंतीवर माणसाची सावली पडली तर खरं, असं दत्तप्रसादांनी ठरवलं. सावलीसाठी माणूस लागणार होतं. ते अवंतिकाबाई झाल्या.

पहिल्या रविवारी विजयसिंह लग्नाला परगावी गेला होता. दिवेलागणीला दत्तप्रसाद वर गेले आणि अवंतिकाबाई भिंतीपुढं उभ्या राहिल्या. थंडी होती, डास होते, आणि वरून काहीच येत नव्हतं. विजयसिंहाच्या आईनं, झुंबरबाईंनी, चहाला हाक मारली तशा त्या चुलीजवळ जाऊन बसल्या. शेजारी पावट्याच्या शेंगांची पाटी होती. त्या सोलायला लागल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"पडली का सावली?" दत्तप्रसादांनी विचारलं. आवाजात एवढी आशा होती, की बाईंना शेंग हातातून खाली ठेवावीशी वाटली.

"पडली की. लख्ख," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर हे मिटेल, असं त्यांना वाटलं होतं. पण सोमवारी सकाळी अख्ख्या रंकाळ्याला ती सावली माहीत झाली. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना चष्म्याआधी बॅटरी बघावी लागू लागली. विजयसिंहानं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि येत्या रविवारी चार मंडळींसमोर पुन्हा करून दाखवा, असं सांगितलं. खाली मी स्वतः उभा राहतो, म्हणाला. त्याच्या आईनं त्याला सगळं सांगितलं असणार, हे अवंतिकाबाईंनी लगेच ओळखलं. आठवडाभर त्यांनी नवऱ्याला खरं सांगायचा बेत केला. रोज रात्री ते त्या बॅटरीची काच मऊ फडक्यानं पुसत बसायचे. त्यांच्याकडं बघून बाईंचा बेत गळून जायचा.

रविवारी दिवेलागणीला रंकाळ्यावरची मंडळी दत्तप्रसादांबरोबर वर गेली. अवंतिकाबाई खालीच थांबल्या. आज साक्ष द्यायची वेळ आली तर निदान भिंतीपुढं उभं राहून द्यावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. विजयसिंह मनगटावरचं घड्याळ सारखं करत, हसत म्हणाला, "वैनी, आज आत बसून चालायचं न्हाय बरं का. पावटा कालच सोलून ठेवलाय आईनं."

बाईंचं तोंड उतरलं. आणि तेवढ्यात भिंतीवर उजेड आला.

झोत पातळ होता, चांदण्यासारखा, पण भिंत उजळली. तिच्यावर दोन सावल्या स्पष्ट उमटल्या. एक विजयसिंहाची, एक त्यांची. त्यांनी हात वर केला, सावलीनंही केला. त्या बघतच राहिल्या.

विजयसिंहानंही पाहिलं. मग त्यानं फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, "दत्ताभाऊ, इथं निस्ता अंधार हाय."

बाई पुढं होऊन मोठ्यानं म्हणाल्या, की सावली पडली आहे, मी बघते आहे. फोनवर वरची मंडळी हसल्याचं ऐकू आलं. बायको असंच म्हणणार, असं कुणीतरी म्हणालं. मागं खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली आणि आज खरं बोलते तर हसतायत, हे पाहून बाईंना रडू येईल असं वाटलं.

वर दत्तप्रसादांनी बॅटरी खाली घेतली असावी. झोत भिंतीवरून सरकला आणि थेट गोठ्याच्या दारात गेला. दारात मलकापूरच्या बाजारातनं नुकतीच आणलेली म्हैस होती, नव्या जागेला अजून बुजणारी. तिनं एक हिसडा दिला, दावं तुटलं, आणि ती बघायला बाहेर आलेल्या झुंबरबाईंच्या बाजूनं उसळून उसात शिरली.

विजयसिंह तिच्यामागं धावला. बांधावर पोचला आणि थांबला. समोर नुसतं काळंभोर रान, आणि आत कुठंतरी पाचटाची सळसळ. फोन अजून चालूच होता. त्यानं तो तोंडापाशी नेला.

"दत्ताभाऊ," तो म्हणाला, "जरा डावीकडं घ्या. हां. आनखी थोडं. दिसली बघा, दिसली."

 वर असा गलका झाला, की तो फोनशिवायच खाली ऐकू आला.

म्हैस सापडली. सगळ्यांना पिठलं-भाकरी झाली. आपण उजेड नाकारला होता, हे विजयसिंहानं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. तो म्हशीला नावं ठेवत राहिला. घरी परतताना गाडीत दत्तप्रसाद खुशीत होते. आता बोलायला हरकत नाही, असं वाटून अवंतिकाबाईंनी मागच्या रविवारचं सगळं सांगून टाकलं. पाटी, शेंगा, चूल.

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी बॅटरी लागलीच नव्हती. मला वाटलं, झोत लांबच दिसत असेल. तिच्या खटक्याला कुलूप असतं, ते काढल्याशिवाय ती लागत नाही, हे मला घरी आल्यावर कळलं."

बाई त्यांच्याकडं वळून बसल्या. मग गावभर का सांगत सुटलात, त्यांनी विचारलं.

दत्तप्रसादांनी समोरच्या ट्रकला वाट दिली. "तू लख्ख म्हणालीस," ते म्हणाले. "दुकानात रोज कुणीतरी तक्त्यावरची न दिसणारी ओळ वाचून दाखवतो. मला कळतं. पण असं मनापासून कुणी वाचत नाही." मग ते म्हणाले, "आज वर चढताना मात्र मी खटका तीनदा तपासला."

"आणि मी भिंतीपुढून हलले नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी काच वर केली. गार वारा येत होता.