रस्त्याखालचा रस्ता

बंडप्पाचा सोड्याचा कारखाना जळकोटला हमरस्त्याच्या कडेला होता. कारखाना म्हणजे काय, एक पत्र्याचं शेड, गॅसचं नळकांडं, हातानं फिरवायचं मशीन आणि गोळीच्या बाटल्यांची खोकी. धंदा बरा चालायचा, पण बंडप्पाचं मन धंद्यापेक्षा चौकश्यांत जास्त. एखादी वस्तू दिसली की तिच्या आत काय आहे ते कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं गिरिजाबाईच्या माहेरून आलेलं गजराचं घड्याळ खोललं होतं. जोडताना एक चाक उरलं. तरी घड्याळ चालू झालं, आणि मग ते चाक होतं कशाला, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढल्या साली त्यानं मिलिटरीच्या डिस्पोजलच्या लिलावातून निघालेली एक जुनी पिकअप घेतली. लोहाऱ्याकडच्या आणि सास्तूरकडच्या आतल्या बाजारांना सोडा पोचवायचा, हा बेत. गाडी चालवायला खाजाभाई मिळाले. त्यांनी पूर्वी धान्याच्या लॉऱ्या चालवल्या होत्या, माणूस शांत आणि हात सुरेख. पण गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झाले होते, आणि हमरस्ता सोडून आत वळलं की पुढं सगळी काळ्या रानातली गाडीवाट. पाऊस पडला की बैलगाड्यासुद्धा रुतायच्या.

टायर घ्यायला दोघं सोलापूरला गेले. दुकानात त्या रिंगेवर बसणारे दोन प्रकारचे टायर होते, एक रुंद आणि एक बारका. खाजाभाईंनी लगेच रुंदावर हात ठेवला. रुंद टायर चिखलावर पसरून बसतो, खाली जात नाही, हा त्यांचा अनुभव. तिथंच लातूरकडचा एक गिऱ्हाईक बसला होता. त्यानं मान हलवली. त्याच्या मते रुंद टायर चिखलावर साबणासारखा घसरतो, बारका टायर चिखल कापून खाली जातो आणि खालच्या कठीण जमिनीला धरतो.

बंडप्पाला दोघांचंही पटलं, आणि तीच अडचण झाली. त्यानं दुकानदाराला विचारलं, यातलं खरं कुणाचं. दुकानदार म्हणाला, दोघांचंही. खाली मुरूम असेल तर बारका घ्या, तळच नसेल तर रुंद घ्या. तुमच्या रस्त्याखाली काय आहे?

ज्या वाटेनं बंडप्पा जन्मभर गेला-आला, तिच्या पोटात काय आहे हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आधी तळ बघू, म्हणून तो टायर न घेताच उठला. परतीच्या वाटेवर खाजाभाईंनी एवढंच म्हटलं की टायर घ्यायला जाऊन जमीन मोजायला निघालेला मालक त्यांना पहिल्यांदाच भेटला.

श्रावणातली उघडीप होती. बंडप्पानं शेजाऱ्याकडून पहार मागून घेतली, पिकअपमध्ये टाकली, आणि बाजाराच्या फेरीला जाताना जिथं जिथं चिखल दिसेल तिथं गाडी थांबवायला सुरुवात केली. उतरायचं, धोतर वर खोचायचं, पहार चिखलात दाबायची. कुठं गुडघ्याइतकी आत गेली की कट्ट असा आवाज यायचा. कुठं मांडीपर्यंत जायची आणि मग कट्ट. तो आवाज त्याला फार आवडू लागला. हळूहळू मुरूम लागला की खडक लागला, हे त्याला हाताला येणाऱ्या झिणझिण्यांवरून कळायला लागलं. खाजाभाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसत आणि बाटल्या उन्हात तापून फुटतील याची मधूनमधून आठवण देत.

आता रस्त्यावर पहार खुपसत फिरणारा माणूस लोकांच्या डोळ्यांत येणारच. पुढच्या फेरीला बंडप्पा पाहतो तर त्यानं जिथं जिथं पहार घातली होती तिथं कुणीतरी खड्डे खणून ठेवलेले. एका खड्ड्यात पुढचं चाक गेलं, आणि खोक्यातल्या बाटल्या फटाफट फुटल्या. शेजारच्या रानातला माणूस विचारल्यावर दुसरीकडं बघायला लागला. संध्याकाळी घरी आल्यावर उलगडा गिरिजाबाईनं केला. बायकांत बोलणं होतं की निजामाचं राज्य गेलं तेव्हा, पोलीस ॲक्शनच्या गडबडीत कुणीतरी मोहरांचा हंडा रस्त्याकडेला पुरला, आणि त्याचा ठावठिकाणा बंडप्पाला लागलाय.

"खरं सांगितलं तर कुणाला पटंल?" बंडप्पा म्हणाला.

"मला तरी कुठं पटलंय," गिरिजाबाई म्हणाली. "टायर वर आस्तोय आन् तुमी खाली बघताव."

पुढच्या बाजारच्या दिवशी लोहाऱ्याच्या अलीकडं, रस्त्याच्या वळणावर एक म्हातारी उभी होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, हातात काठी. खाजाभाईंनी ओळखलं. त्या शेजारच्या वाडीतल्या हसीनाबी होत्या, नवरा वारलेला, पुतण्यांजवळ राहायच्या. खाजाभाईंनी गाडी थांबवली. हसीनाबींनी बंडप्पाकडं पाहून आधी पहार दाखवा म्हणून सांगितलं. पहार हातात घेऊन त्यांनी तिचं टोक बोटानं चाचपलं.

"आप्पा, सोन्याचं मला काय ठाव न्हाय," त्या म्हणाल्या. "माज्या दोन देगा हाईत इथं कुठंतरी. लग्नाचं खानं शिजवायच्या. त्या हुडकून दिल्या तर बघा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या सालात, गडबडीच्या दिवसांत, त्या आणि त्यांचे मालक रसूलमियाँ पहाटे गाडी जोडून गुलबर्ग्याला भावाकडं निघाले होते. भादव्याचा चिखल. या वळणावर गाडी रुतली ती निघेना. ओझं उतरवावं लागलं. मालकांनी रस्त्याकडेच्या हिवराच्या झाडाखाली खड्डा घेतला आणि दोन्ही तांब्याच्या देगा पुरल्या. पुढं मालक तिकडंच आजारी पडून गेले. हसीनाबी परत आल्या तेव्हा हिवर तोडलेला होता, आणि रस्ताही जागेवर नव्हता.

बंडप्पाचे कान उभे राहिले. "रस्ता जागंवर नव्हता म्हंजे?"

"चिखल झाला की गाड्या बाजूनं जातेत की. दर साली थोडी थोडी वाट सरकती. आता कुठली वाट आमची, कसं सांगू?"

हे बंडप्पाच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. रस्ता चालतो. म्हणजे आज ज्याच्यात आपण पहार घालतोय तो काही वर्षांपूर्वी कुणाचं तरी रान असणार, आणि जुना रस्ता कुठंतरी पिकाखाली झोपलेला असणार. त्यानं खाजाभाईंना सांगून खोकी सावलीत उतरवून घेतली. बाजाराला उशीर होणार होता. तरी खाजाभाईंनी स्वतःच पहार उचलली.

वळणापासून डाव्या हाताच्या रानात दोघं पहार घालत सरकू लागले. आधी सगळीकडं सारखंच, वर मऊ काळी माती आणि खोलवर मुरूम. मग एका पट्ट्यात पहार हातभर गेली आणि अडली. मुरूम नव्हे, खडकही नव्हे. चाकांनी वर्षानुवर्षं चोपून घट्ट केलेली माती. बंडप्पानं पुढं घातली, तिथंही तसंच. तो पट्टा वळण घेत गेला होता, गाडीवाटेसारखाच. वर शेत नांगरलं जात होतं, आणि खाली तो रस्ता तसाच शाबूत होता.

"हाच की," हसीनाबी काठी टेकत मागोमाग येत म्हणाल्या. "हिवर उजव्या अंगाला हुता."

तोवर माणसं जमली होती. रानाचे मालक आण्णासाहेब स्वतः आले, आणि पीक तुडवलं म्हणून बोलायच्या ऐवजी त्यांनी दोन गड्यांना फावडी घेऊन बोलावलं, कारण त्यांच्याही मनात हंडा होताच. जुन्या रस्त्याच्या कडेकडेनं बंडप्पा पहार घालत गेला. एका ठिकाणी ती भुसभुशीत मातीत सरकन गेली आणि खालून आवाज आला. कट्ट नव्हे, खण्ण. गडी फावडी घेऊन पुढं सरले.

देगा निघाल्या त्या हिरव्या पडलेल्या. एक रिकामी होती. दुसरीवर झाकण होतं आणि ते चिकटून बसलं होतं. आण्णासाहेबांनी गड्याला हळू मार म्हणून सांगितलं. झाकण निघालं तशी मंडळी वाकली. आत वाढायचा एक डाव होता, आणि कुजलेल्या फडक्यात बांधलेलं काहीतरी. बोट लावताच फडकं सुटलं आणि आतून करडा भुगा पडला. त्यात मधूनमधून दाण्यांची टरफलं.

"ज्वारी हाय," एक गडी म्हणाला, आणि माणसं एकेक करून मागं सरली.

हसीनाबी मात्र खाली बसल्या. त्यांनी मूठभर भुगा तळहातावर घेतला. गर्दीत आलेल्या पुतण्यांनी पुढं होऊन त्यांना उठवायला बघितलं, पण त्या उठल्या नाहीत.

"हे बियाणं हाय," त्या म्हणाल्या. "शाळूचं. मला ठावंच न्हवतं, ह्यानी हे देगंत ठेवलं म्हून." मग त्या बंडप्पाला म्हणाल्या, "तिकडं गेल्यावर म्या घरला चला म्हनलं की गप बसायचे. मला वाटलं, गावावरचं मन उडालं. आन् हे तर पेरणीच्या आत परत यायचं धरून चालले हुते."

आतापर्यंत आत काय आहे ते कळलं की बंडप्पाचं मन निवायचं. आज तसं झालं नाही. त्यानं नुसतं फडकं गोळा करून त्यांच्या ओटीत दिलं. आण्णासाहेबांनी देगा आपल्या गाडीतून वाडीवर पोचवल्या. त्या दिवशी बाजार बुडाला.

आठवड्यानं बंडप्पानं बारके टायर घेतले. आपल्या वाटेला बहुतेक सगळीकडं तळ आहे, हे त्याला आता ठाऊक होतं. खाजाभाईंनी टायर बसवून दिले, पण आपलं मत बदललं नाही. पुढच्या पावसानंतर पहिल्या फेरीला चिखल लागला तशी गाडी बसत बसत खाली गेली. रिंग दिसेनाशी झाली. खाजाभाईंनी बंडप्पाकडं पाहिलं. आणि मग खालून चाकांनी धरलं, गाडी कुंथत कुंथत, सरळ रेषेत, जराही न घसरता पलीकडं निघाली. खाजाभाईंनी जिभेनं चक् केलं, यापलीकडं काही नाही.

सास्तूर जवळ आल्यावर मात्र एका हिरव्यागार, कोरड्या दिसणाऱ्या गवतावरून जाताना मागची दोन्ही चाकं गेली ती आसाच्या दांड्यापर्यंत. तिथं चिखल नव्हता म्हणून बंडप्पानं कधी पहार घातलीच नव्हती. आता घातली तर अख्खी गेली, वरची मूठ तेवढी हातात राहिली. खाजाभाई बॉनेटवर टेकून बसले आणि शांतपणे म्हणाले, "हितं रुंद पायजे हुते."

"व्हय," बंडप्पा म्हणाला. "हितं तुमचंच खरं."

बलभीम नावाचा शेतकरी बैलं घेऊन आला. दोर बांधले, सगळ्यांनी मागून रेटलं, आणि गाडी मोठा आवाज करून वर आली. खाजाभाई बाटल्या तपासू लागले. बंडप्पा चिखलानं माखलेला तसाच त्या भोकाशी उभा राहिला. भोवती सगळीकडं मुरूम आणि एवढ्याच जागेला तळ नाही, असं का असावं?

"पाव्हणं," त्यानं बलभीमला विचारलं, "हितं पूर्वी तळं-बिळं हुतं का?"

बलभीमनं बैलांच्या मानेवरून हात फिरवला. त्याला माहीत नव्हतं. पण त्याची आजी या तुकड्याला न्हाणी म्हणायची, का म्हणायची ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. आजी हाय का अजून, बंडप्पानं विचारलं. हाय की, घरीच हाय, तो म्हणाला. बंडप्पानं खाजाभाईंकडं बघितलं, आणि खाजाभाईंनी एक उसासा टाकून खोकी सावलीला सरकवली.