चुकला तर दुसरा

मी एक जुना पत्र्याचा ड्रम आहे, दोनशे लिटरचा, पोटावर दोन उंच कडा असलेला. आज माझ्या तळाशी निखारे असतात, वरच्या जाळीवर मासे आणि मांसाचे तुकडे असतात आणि नळीतून निळसर धूर निघतो. येणारे-जाणारे थांबून म्हणतात, "वा, काय वास सुटलाय!" मित्रांनो, हे कौतुक माझ्यासाठी नव्हते. ते ज्याला मिळायचे होते, त्याच्याविषयी आधी सांगतो.

आम्ही दोघे एकाच पत्र्यातून, एकाच तासात झालो. पत्रा गोल वळवला गेला, शिवण बसली, तळ आणि झाकण दाबून बसवले गेले. आतून लालसर लाखेचा लेप दिला आणि रंग पातळ करायचे थिनर भरून आमची बुचे घट्ट पिळली. पुढे आम्ही एका रंगाच्या दुकानात शेजारी शेजारी उभे राहून रिकामे झालो. रिकामे झालो, असे लोक म्हणाले. थिनर संपते, पण त्याची वाफ कडेच्या खोबणीत, लेपाच्या सुरकुत्यांत बसून राहते. ती दिसत नाही. ती ठिणगीची वाट पाहते.

दुकानातून आम्ही दोन भावांच्या वेल्डिंगच्या कारखान्यात आलो. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, पुढे थोडे अंगण, अंगणात नळ, आणि भिंतीपलीकडे एका सुताराचे दुकान. थोरला भाऊ कापायचा आणि जोडायचा. धाकटा धुवायचा, घासायचा, रंगवायचा. थोरल्याच्या बायकोच्या हाताला चव होती आणि तिला धुरीवर शिजवायची भट्टी हवी होती. थोरल्याने पुठ्ठ्यावर भट्टीचे चित्र काढले होते: तळाशी निखाऱ्यांची टोपली, बाजूला हवेची झडप, वर जाळी, झाकणाला बिजागरी. चित्र शेडच्या दाराला खिळ्याने ठोकलेले होते.

"दोन कशाला आणलेत?" तिने विचारले होते.

"एक कापीन. चुकला तर दुसरा," थोरला म्हणाला.

"तुमचा हात चुकतो का कधी?"

"नाही चुकत. म्हणूनच दुसरा जवळ ठेवतो."

तो दुसरा म्हणजे मी.

त्या शेडमध्ये एक नियम होता. बंद ड्रम कापण्याआधी त्यात काठोकाठ सोड्याचे पाणी भरायचे, एक दिवस ठेवायचे, ओतायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा ओतायचे. मग ज्याने धुतले त्याने झाकणावर खडूने फुली मारायची. फुली नसलेल्या ड्रमला थोरला हात लावत नसे. फुली असली तर तो पुन्हा विचारत नसे. विचारणे म्हणजे भावावर संशय घेणे, असे तो मानायचा.

नळाला पाणी सकाळी तासभरच यायचे. सलग दोन सकाळी धाकटा अंगणात मोटारसायकलचे इंजिन उघडून बसला आणि पाणी कधी गेले ते त्याला कळलेच नाही. त्याने आम्हा दोघांत अर्धी अर्धी बादली ओतली, आम्हाला जरा हलवले आणि उपडे केले. भावाचे बोलणे नको, म्हणून दोघांच्या झाकणांवर फुल्या मारल्या. थोरल्याला वास आला नाही, कारण त्या शेडमध्ये आधीच सगळीकडे रंगाचा आणि थिनरचाच वास होता. त्याने माझ्या जोडीदाराला पुढे ओढले आणि गॅसकटर पेटवला.

आवाज एकदाच झाला. झाकण उडाले ते थोरल्याच्या छातीवर. मी चार हातांवर उभा होतो. माझ्याही पोटात तीच वाफ होती आणि माथ्यावर तशीच फुली. त्याने उजवीकडे हात घातला असता, तर तो मी असतो. हे गणित मी अजून सोडवतो आहे.

थोरला दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेला. त्याची बायको तिकडे असताना धाकटा एकटाच परत आला, माझ्यासमोर बसला आणि त्याने शर्टाच्या बाहीने माझ्यावरची फुली पुसली. जोडीदारावरची पुसायला झाकण ओळखू येत नव्हते. चौकशीला आलेल्या माणसांना त्याने सांगितले, "ड्रम धुवायचे राहिले होते. मी थांब म्हणत होतो. दादानं घाई केली."

चौकशी संपली आणि लोक तेच बोलू लागले. घाई नडली. दुसऱ्याला शिकवायचा आणि स्वतःच... वाक्य कोणी पूर्ण करत नसे. थोरल्याची बायको, धाकट्याची वहिनी, तीही तेच म्हणू लागली. नवऱ्याच्या जाण्यापेक्षा त्याची घाई तिला जास्त सलायची. लेक शाळेला निघताना धावली, तर ती दारातून ओरडायची, "बापाच्या वळणावर जाऊ नकोस!"

सहा वर्षे मी शेडच्या मागे ताडपत्रीखाली उभा होतो. भंगारवाला तीनदा मागून गेला, धाकट्याने मला दिले नाही आणि वापरलेही नाही. दुपारी ऊन तापले की माझे झाकण फुगते आणि 'टण्ण' असा आवाज होतो. पत्र्याचा धर्म आहे तो. पण त्या आवाजाबरोबर आत शेडमध्ये हातोडी थांबायची. थोड्या वेळाने धाकटा कोपऱ्यावरून डोकावायचा, मला पाहायचा आणि निघून जायचा. माझ्याकडे पाठ करून तो कधी गेला नाही. मागे सरकत जायचा.

मला बोलता आले असते तर मी काय बोललो असतो, कोण जाणे. मी फुगायचो, वाजायचो आणि थंड व्हायचो.

सहाव्या वर्षी वहिनीने ताडपत्री ओढली. ती आता एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करत होती आणि शेडपुढच्या अंगणात स्वतःचे काहीतरी मांडायचे तिच्या मनात होते. "भावजी, मला ती भट्टी करून द्या. चित्र अजून दाराला आहे."

"नवा ड्रम आणतो, वहिनी."

"नवा कशाला? हा काय चावतो?"

भिंतीवरून सुताराने मान वर काढली. "करून टाक रे! लाकूड माझं. पण प्लायवूडचे तुकडे मागू नका, डिंक जळतो त्यात. लोक जेवायला येतील आणि खोकत जातील."

"तुम्ही आलात तर फुकट जेवाल, हे आधीच दिसतंय," वहिनी म्हणाली.

"फुकट कसं? लाकूड कोणाचं?"

धाकटा हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला नळाखाली उभे केले आणि काठोकाठ भरले. एक दिवस ठेवून ओतले, पुन्हा भरले. दोनदा झाले, तिसऱ्यांदा भरले, चौथ्यांदा भरले. नळाचे पाणी जाईपर्यंत तो तिथेच उभा राहायचा. मला ते सोड्याचे पाणी आठवते. त्यात त्याचा चेहरा दिसायचा आणि तो तिकडे पाहायचा नाही.

पाचव्या दिवशी वहिनी आली. "अहो, ड्रम धुताय की लग्नाला न्यायचाय त्याला? पुरे झालं." तिने फळीवरचा खडू घेतला. "हे मारायचे तशी फुली मारते आणि लागा कामाला."

"तुम्ही नका मारू."

"का? माझ्या हातानं गंजेल?"

"तसं नाही. दादाचा नियम होता. ज्यानं धुतलं, फुली त्यानंच मारायची."

"म्हणजे ते नव्हते मारत?"

"धुवायचं काम माझं. फुली बघितल्याशिवाय दादा हात लावायचा नाही."

तो हे बोलून गेला आणि मग त्याला कळले की तो काय बोलला. वहिनीच्या हातात खडू तसाच होता. नळ ठिबकत होता.

"भावजी," ती म्हणाली, "मग त्या ड्रमला त्यांनी हात कसा लावला?"

धाकटा नळाच्या ओट्यावर बसला. "फुली होती."

"कोणी मारली?"

"मी. धुतला नव्हता, वहिनी. अर्धी बादली फिरवली होती. दोन्हींत. ह्याच्यावरची नंतर पुसली."

"नंतर कधी?"

"तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने खडू फळीवर परत ठेवला आणि म्हणाली, "सहा वर्षं मी त्या माणसाशी भांडते आहे. फोटोपुढे उभी राहून. एवढी कसली घाई होती, म्हणून. आणि तो बिचारा ऐकून घेतोय."

"वहिनी, माझं चुकलं. मला..."

"माफी मागू नका, माझ्याजवळ नाही ती आत्ता. दादानं घाई केली, असं किती दारांत सांगितलंत?"

"सगळ्याच."

"मग त्या सगळ्या दारांत जाऊन खरं सांगून या. सुरुवात भिंतीपलीकडून करा. माझ्या लेकीला शेवटी सांगा, माझ्यासमोर. मग ड्रम कापा. त्याआधी नाही."

धाकटा उठला. सुताराच्या दुकानात रंधा चालू होता, तो मध्येच थांबला. एरवी त्या माणसाला बोलायला कारण लागत नसे. त्या दिवशी भिंतीपलीकडून मला फक्त एकच वाक्य ऐकू आले, "आणि मी तुझ्या तोंडावर त्याला घाईखोर म्हणायचो रे." पुढची दारे मला दिसत नव्हती. धाकटा तीन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेडलगतच्या घरातून त्याचा आवाज आला, हळू, अडखळत, आणि मग लेकीचा, "म्हणजे बाबांनी सगळं बरोबर केलं होतं?"

"हो," वहिनी म्हणाली. "सगळं."

चौथ्या दिवशी त्याने मला कापले. गॅसकटर पेटवला नाही. मला गळ्यापर्यंत पाण्याने भरले आणि छिन्नी-हातोडीने झाकणाची कड बोट बोट करत सोडवली. पूर्ण दिवस गेला. मग तळाशी हवेची भोके पाडली, त्यावर सरकती झडप बसवली, निखाऱ्यांची टोपली केली, जाळीसाठी साध्या लोखंडी सळ्या जोडल्या, झाकण बिजागरीवर बसवून त्याला धुराची नळी लावली. शेडमध्ये चकचकीत जस्ताच्या सळ्या पडल्या होत्या, पण जस्त तापले की विषारी धूर सोडते, म्हणून त्या त्याने घेतल्या नाहीत. दाराचे चित्र समोर धरून तो प्रत्येक माप दोनदा घेत होता.

मग माझ्यात मोठा जाळ केला. बाहेरचा रंग सोलला, आतला लाल लेप काळा पडून गळला. त्या धुरात मला थिनरचा वास आला, अगदी शेवटचा, आणि त्यात माझा जोडीदार होता. जाळ विझल्यावर मला तारेच्या ब्रशने घासले, तेल लावले आणि पुन्हा तापवले. त्यानंतर माझ्यावर पहिला मासा आला.

आता रोज सकाळी धाकटा येतो, राख काढतो, झडप सैल करतो, तेलाचा हात फिरवतो. वहिनी सांगते, "झडप अर्धी ठेवा." तो ठेवतो. दोघांत एवढेच बोलणे होते. तिने त्याला पुन्हा भावजी म्हटलेले मी ऐकलेले नाही. लोक गर्दी करतात, बोटे चाटतात, भट्टी कोणी केली म्हणून विचारतात. "माझ्या नवऱ्याची आहे," ती सांगते. धाकटा तेव्हा तिथेच असतो आणि मान हलवतो.

मित्रांनो, माझ्यासाठी मागायचे फार थोडे आहे. राख आत साचू देऊ नका, ओल धरते. पावसात झाकण उघडे टाकू नका. बंद ड्रम कितीही रिकामा दिसला, तरी त्याच्याजवळ आग नेऊ नका.

आणि एक. जे काम तुम्ही केले नाही, ते केले म्हणू नका. सरळ सांगा, राहिले माझ्याकडून. समोरचा ओरडेल. ओरडू द्या. ओरडायला तो असेल.