डाव्या खांद्यामागची धावपट्टी

मित्रांनो, विमान वळवायचा दांडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ढग येतील. माझ्या नशिबी मात्र ढग आले तेही पडद्यावरचे. मी जुना आहे, काळा आहे, माझ्या मुठीचं रबर झिजलं आहे आणि मी उभ्या आयुष्यात एकदाही जमीन सोडलेली नाही. अलिबागच्या एका क्लासमध्ये, खुर्चीपुढच्या फळीवर मला स्क्रूंनी आवळून टाकलं आहे. खऱ्या विमानात बसण्याआधी मुलंमुली इथे येतात आणि पडद्यावरचं खोटं विमान उडवायला शिकतात. मला डावीकडे कलवलं की विमान डावीकडे वळतं, मागे ओढलं की नाक वर करतं. पण मी मुळात भित्रा. ज्याच्या हातात जाईन त्याची भीती माझ्यात उतरते.

कारखान्यातून मी निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर रंगीत चित्रं होती, म्हणजे बनवणाऱ्यांच्या लेखी मी खेळणंच होतो. क्लास चालवणाऱ्या धम्मदीप सरांनी मला विकत आणलं आणि एकदम मास्तर करून टाकलं. सुरुवातीला माझा थाट विचारू नका. मुलं माझ्यावर हात ठेवून फोटो काढत. पुढे नव्याचे नऊ दिवस सरले, मुठीवर घामाचा आणि वडापावच्या तेलाचा थर चढला आणि फडकं मारायची आठवण कुणाला राहिली नाही.

सर सगळ्यांत आधी शिकवत ती विमानतळाभोवतीची फेरी. उडायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायचं. धावपट्टीचं टोक आपल्या डाव्या खांद्यामागे गेलं की आणखी दोन डावी वळणं घ्यायची आणि उतरायचं. तिथली सगळी विमानं अशीच डावीकडून फिरतात, म्हणून एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मुलांच्या ध्यानात राहावं म्हणून सर म्हणत, "देवाला प्रदक्षिणा घालतो ना, तशीच. फक्त उलटी."

सगळे हसत आणि शिकत. प्रणाली हसली नाही. ती माणगावच्या आतल्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. वडील भागोजी आदल्याच वर्षी वारले होते. 'उलटी' हा शब्द ऐकला आणि माझ्यावरचा तिचा हात बर्फासारखा गार पडला.

विमान उडालं आणि तिने मला उजवीकडे ढकललं. समोरून दुसरं विमान थेट आमच्यावर येत होतं. पडदाच तो, पण माझी पाचावर धारण बसली. क्षणात सगळं काळं झालं. सर म्हणाले, "पहिल्या दिवशी होतं असं." पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं आणि तिसऱ्याही. मग कशीबशी ती डावीकडे वळू लागली, तर नवीनच संकट. धावपट्टी कुठे राहिली हे बघायला सरांनी तिच्या डाव्या खांद्यामागे वेगळा पडदा लावला होता. ती तिकडे मान वळवेचना. विमान सरळ जात राही, जमीन संपे, खाली नुसता समुद्र. ती मला घट्ट धरून बसे आणि तिच्या तळव्यातली थरथर माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचे. हे मंदपणाचं लक्षण नव्हे, ही भीती आहे, हे मला कळत होतं. सांगणार कसं?

अखेर सरांचा संयम सुटला. "पुढच्या आठवड्यात तुला खऱ्या विमानात बसायचं आहे," ते म्हणाले. "तिथे पडदा काळा होऊन सुटका नाही, प्रणाली. उद्या जमलं नाही तर मी तुला पाठवणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत तिची आई चंदाबाई आली. लेक करते तरी काय, ते बघायला ती पहाटेच्या एसटीने निघाली होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तिने सगळं पाहिलं. विमान पुन्हा समुद्रावर भरकटलं आणि सर पुन्हा ओरडले, "मागे बघ. मागे!"

"सर," चंदाबाई हळूच म्हणाली, "तिला मागं बघावं लागतं व्हय?"

"त्याशिवाय उतरता येत नाही."

"मग न्हाय व्हायचं तिच्याच्यानं. हिला भाऊ न्हाय. बाबांच्या टायमाला खांद्यावर मडकं घेऊन हिनंच सरणाला फेऱ्या घातल्या. उलट्या. मडकं मागं टाकलं तवा सगळ्यांनी बजावलं, आता मागं वळून बघू नको. तशीच घरी आली. तवापासून मागनं हाक मारली तरी मान वळवत न्हाय."

सरांचा चेहरा उतरला. "मला सांगायचं होतंस, प्रणाली."

"सगळे हसत होते, सर," ती म्हणाली.

चंदाबाई उठली आणि लेकीच्या डाव्या खांद्यामागे, त्या पडद्याला लागून उभी राहिली. "बाय, ते त्या दिसापुरतं व्हतं. जाणाऱ्याला जाऊ द्यायचं व्हतं म्हणून बघायचं नव्हतं. आता मागं जमीन हाय आणि तुला तिथं परत यायचं हाय. मी हाय हितंच. बघ."

विमान उडालं. एक डावं वळण, मग दुसरं. समुद्र जवळ येऊ लागला तशी तिची पकड आवळत गेली आणि मला वाटलं, संपलं सगळं. मग तिची मान वळली. अगदी सावकाश, गंजलेली कडी सरकावी तशी. तिला आई दिसली आणि आईच्या बाजूला धावपट्टीचं टोक. तिने मला डावीकडे कलवलं. आम्ही उतरलो ते दोनदा आपटून, पण उतरलो. ती रडत होती आणि तिचा हात उबदार झाला होता.

सरांनी तिला पाठवलं. ती खऱ्या विमानात बसली त्या दुपारी मी इथे फळीवर नुसता घाबरून होतो. कुठला तरी अनोळखी दांडा तिच्या हातात असेल, त्याला तिचं काय ठाऊक? संध्याकाळी सरांचा फोन वाजला. "सर, उतरले," एवढंच ती म्हणाली.

आता सर कुणाला 'उलटी प्रदक्षिणा' म्हणून शिकवत नाहीत. आणि मित्रांनो, मला अधूनमधून पुसलंत तर मी आनंदानेच पुसून घेईन, पण माझं मागणं वेगळं आहे. एखाद्याचा हात थरथरताना दिसला, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याला विचारा. तो हात माझ्या मुठीवर असतो, मला सगळं कळतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.